काळ्या मातीतलं ऑर्किड

मित्रांनो, मी सास्तूर गावच्या एका घरातलं जुनं ऑर्किड आहे. जिथं बांधावरची बाभळसुद्धा उन्हाळ्यात मान टाकते, तिथं असल्या नखरेल झाडाचं काय काम, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. माझे पूर्वज पावसाळी जंगलात उंच झाडांच्या फांद्यांना धरून राहायचे. जमिनीला पाय लावणं आमच्या घराण्याला ठाऊकच नाही. आमच्या मुळ्यांना मोकळी हवा लागते.

पुण्याच्या एका प्रदर्शनातून मला संघप्रियानं आणलं. ती लोहाऱ्याच्या शाळेत शिक्षिका, बनाबाई आणि ज्ञानोबा यांची एकुलती लेक. एसटीत तिनं मला मांडीवरून खाली ठेवलं नाही. घरी मला भोकाभोकांच्या कुंडीत, नारळाच्या शेंड्या आणि कोळशाच्या तुकड्यांत बसवलं. बोअरचं पाणी मला बाधतं म्हणून ती पत्र्यावरचं पावसाचं पाणी पिंपात साठवायची. उन्हाळ्यात खिडकीला ओलं पोतं लावायची. ज्ञानोबा म्हणायचे, "आमच्या बैलाचं बी एवढं नशीब न्हाय!"

बनाबाईंना मात्र माझी काळजी वाटायची. जन्मभर काळ्या रानात राबलेली बाई ती. "अगं, बिनमातीचं झाड म्हंजी बिनमायचं लेकरू. वावरातली चार मुठी माती आणू का?"

"राहू दे गं आई, त्याला असंच आवडतंय," असं म्हणून संघप्रिया हसायची. का आवडतं, ते तिनं कधी सांगितलं नाही. सांगायला आयुष्य पडलंय, असंच सगळ्यांना वाटत होतं.

थंडी सरली की मी फुलायचो. शेजारणी बघायला यायच्या आणि त्यांच्या कौतुकानं मी फुगायचो. खोटं कशाला बोलू?

यंदा माझ्या दांडीवर कळ्या धरल्या आणि त्याच सुमाराला संघप्रियाला सोलापूरच्या दवाखान्यात न्यावं लागलं. निघताना ती म्हणाली, "आई, मी येईस्तोवर फुलतंय बघ ह्ये." ती परत आली ती डोळे मिटूनच.

त्यानंतर घरात कुणाला पाण्याचं भान राहिलं नाही. माझी पानं लुळी पडली, मुळ्या सुरकुतल्या. तिच्या नावानं पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, तेव्हा बनाबाईंची नजर माझ्यावर गेली.

"उपाशी ठिवलं की म्या ह्याला," त्या पुटपुटल्या. "पोरीचं एवढंच उरलंय. ह्ये फुललंच पायजे."

त्या शेतात गेल्या. सगळ्यात कसदार तुकड्यातली काळी माती त्यांनी चाळून आणली, तिच्यात कुजलेलं शेणखत कालवलं. माझ्या मुळ्यांतला कोळसा वेचून फेकला, मला नव्या कुंडीत बसवलं, अंगठ्यांनी माती घट्ट दाबली आणि वर पोटभर पाणी घातलं. मित्रांनो, इतक्या मायेनं मला कधीच कुणी हाताळलं नव्हतं. आणि मी गुदमरत होतो. ओली काळी माती मुळ्यांना लोण्यासारखी चिकटली, हवेला वाटच उरली नाही. मुळ्या सडायला लागल्या. ओरडावंसं फार वाटलं, पण आम्हा झाडांना तोंड कुठं असतं?

अंगात उरलासुरला जो जीव होता, तो मी एका कळीत लोटला. बाकीच्या गळून पडल्या. ती एक मात्र काल सकाळी उमलली, पांढरीशुभ्र, आत थोडी जांभळी.

बनाबाई कुंडीपुढं बसल्या आणि ढसाढसा रडल्या. लेक गेल्यापासून त्या अशा मोकळ्या रडल्या नव्हत्या. मग डोळे पुसून त्यांनी ज्ञानोबांना हाक मारली. "अवं, बघा की! माती मिळाली आन् कसं फुललं! पोर बघाय पायजे व्हती."

ज्ञानोबा बनाबाईंच्या शेजारी येऊन बसले. दोघंही बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग कित्येक दिवसांनी बनाबाईंनी चूल पेटवून नीट स्वयंपाक केला.

मित्रांनो, झाड पाळा, जनावर पाळा, पण त्याला काय मानवतं ते आधी विचारून घ्या. नुसती माया पुरत नाही. एवढं तुम्ही लक्षात ठेवा. बनाबाईंना मात्र यातलं काही कळू देऊ नका. थोड्या दिवसांत मी जाईन. तेव्हा तुमच्यातलं कुणी जाणतं सास्तूरला गेलंच आणि त्यांनी विचारलं, "माझं काय चुकलं?", तर मातीचं नाव काढू नका. वय झालं होतं झाडाचं, असं म्हणा.