फुलोऱ्यातली फवारणी

मी मधमाश्यांची पेटी बोलतेय. लाकडाच्या पेटीला कसला आलाय राग, असं तुम्हाला वाटेल. पण माझ्या पोटातले हजारो जीव एका सकाळी तडफडून मेले. तो राग माझ्या फळीफळीत मुरलाय.

मला दादांनी बनवलं. दादा निम्मे सुतार, निम्मे शेतकरी. कुठल्याशा यंत्राच्या खोक्याच्या फळ्या त्यांनी रंधा मारून गुळगुळीत केल्या आणि आत आठ चौकटी बसवल्या. माझ्या एका अंगावर अजून 'ही बाजू वर' असं छापलेलं आहे, आणि ती बाजू खाली आहे. मुंग्या चढू नयेत म्हणून माझ्या चार पायांखाली पाण्याच्या चार वाट्या ठेवून त्यांनी मला बांधाजवळच्या लिंबोणीखाली उभं केलं.

माझा कारभार मात्र त्यांच्या बायकोकडे. दादांचा धाकटा भाऊ तिला वहिनी म्हणायचा, म्हणून सगळी आळी वहिनी म्हणायची. मीही म्हणते.

वहिनीचं शेत दीड एकराचं. त्यात काकडी, भोपळा, दोडका, घेवडा, कांदा, पालेभाजीचे वाफे, तीन शेळ्या आणि मोजता न येणाऱ्या कोंबड्या. शेळ्यांचं खत वाफ्यात जायचं, वाफ्यातला पाला शेळ्यांपुढे यायचा. घरचं खाऊन उरलेलं आठवड्याच्या बाजारात. रोज सकाळी वहिनी माझ्या झाकणावर हात ठेवून आतल्यांना सांगायची, "आज काकडी फुललीय गं, जा."

बांधापलीकडे धाकट्याचं रान. पन्नाशीला आला तरी तो धाकटाच. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जमिनी कसायला घेऊन त्यानं चौदा एकर जमवले होते, आणि चौदा एकरांत एकच पीक, खरबूज. "वहिनी, ही शेती आहे की भाजीची टोपली?" असं तो बांधावरून ओरडायचा. वहिनी हसायची.

तिनं त्याला एकच गोष्ट सांगून ठेवली होती. "भावजी, फवारा, माझं काही म्हणणं नाही. पण फुलोऱ्यात संध्याकाळी फवारा. आणि आधी हाक मारा, मी पेटीचं दार लावून घेईन."

"सांगतो की, त्यात काय एवढं," तो म्हणाला होता.

नाही सांगितलं. भाड्याचं यंत्र संध्याकाळी दुसऱ्याकडे जायचं होतं, म्हणून त्यानं भर फुलोऱ्यात, सकाळी दहाला फवारणी उरकली. त्या वेळी माझ्या जवळजवळ सगळ्या कामकरी त्याच्याच फुलांवर होत्या. परतल्या त्या रांगत, थरथरत, जिभा बाहेर काढून. कुणी माझ्या दारातच उलट्या पडून गोल गोल फिरत राहिल्या. दुपारपर्यंत माझ्यापुढे ढीग लागला. आत राणी होती, अंडी होती, पण त्यांना ऊब द्यायला कुणी उरलं नव्हतं. चार दिवसांत तीही गेली.

वहिनीनं तो ढीग हातांनी घमेल्यात भरला आणि तडक धाकट्याच्या ओसरीवर गेली. तो औषधांच्या दुकानदाराबरोबर चहा पीत बसला होता. तिनं कपबश्या सारून घमेलं मधोमध ठेवलं. तिथं काय झालं ते परत आल्यावर तिनं दादांना सांगितलं. माझ्याशेजारीच उभी राहून, म्हणून मलाही कळलं.

"हे काय आणलं, वहिनी?"

"तुमच्या फवारणीचं पीक."

"माश्या आहेत त्या. पुन्हा येतील. आता माश्यांना विचारून शेती करू का?"

दुकानदार फिस्सकन हसला. बशीतला चहा सांडेपर्यंत हसला. वहिनी फक्त "बरं" म्हणाली आणि घमेलं तिथंच ठेवून आली.

"अगं, जाऊ दे," दादा म्हणाले. "जिभेला हाड नाही त्याच्या, पण मन वाईट नाही."

"विष मनातून नाही आलं, नळीतून आलं," ती म्हणाली.

त्या वर्षी आमच्या काकड्या आकड्यासारख्या वाकल्या. भोपळे अंगठ्याएवढे होऊन सडले. धाकट्याची बरीचशी फळं फवारणीआधीच धरलेली होती, त्यामुळे त्याचा माल गाड्या भरभरून गेला. माझ्या चौकटींत कोळ्यानं जाळं केलं. एक पालही राहायला आली. तुम्ही कधी रिकाम्या घरासारखं उभं राहिलात का? मी राहिले, आणि रोज बांधापलीकडे बघत राहिले.

मग वहिनीला शाळेच्या पडवीत लटकलेला छोटासा थवा सापडला. मूठभरच होत्या, पण राणी होती. तिनं मला धुतलं, उन्हं दाखवली, धुरी दिली, त्यांना साखरेचं पाणी पाजलं. थंडी सरेपर्यंत माझ्या आठही चौकटी गच्च भरल्या. मला वाटलं, वहिनी सगळं विसरली. मी विसरले नव्हते.

पेरणीला ती म्हणाली, "अहो, यंदा वेल थोडेच लावू. कांदा, मुळा, पालेभाजी जास्त." दादांना काही कळलं नाही.

धाकट्याच्या रानात पहिली पिवळी फुलं उमलली, त्याच संध्याकाळी तिनं माझं दार लावलं. पहाटे दुधाच्या गाडीत घालून मला नदीपलीकडे आपल्या भावाकडे नेलं. वहिनीबरोबर मीही माहेरी गेले म्हणा ना!

दर दोन-तीन दिवसांनी ती यायची, माझ्याजवळ बसून भाजी निवडायची आणि सगळं सांगायची. आमच्याकडे तीस वेल. सकाळी दादा आणि ती नर फूल तोडायचे, पाकळ्या काढायचे आणि मादी फुलावर टेकवायचे. चहाच्या आधी काम संपायचं. पण चौदा एकरांना कुणाचे हात पुरणार? रानातल्या मोकळ्या माश्याही त्याच्याच फवारणीनं मेल्या होत्या. त्यानं मजूर लावले, त्यांच्या हातात ब्रश दिले. निम्म्यांना नर-मादी ओळखू येईना. दुपार झाली की फुलं मिटायची. वाटाण्याएवढी फळं पिवळी पडून गळायची. मी ऐकत होते आणि माझ्या पोटात सगळ्या गुणगुणत होत्या. इतकं सुख मला मधानंसुद्धा दिलं नव्हतं.

नवव्या दिवशी तो वहिनीच्या अंगणात आला, तेही मला तिनंच सांगितलं.

"वहिनी, पेटी कुठाय?"

"माहेरी."

"चेष्टा नको. हवं ते भाडं देतो."

"भाडं नको. माश्यांना विचारून कुठं शेती करतात का, भावजी?"

दादांना राहवेना. "अगं, आपलाच आहे तो."

"आपला आहे म्हणूनच घमेलं घेऊन त्याच्या दारात गेले. परक्याला मी सांगायलाही गेले नसते." मग ती धाकट्याकडे वळली. "फुलोऱ्यात दिवसा फवारणी बंद. बांधाकडची पट्टी नांगरायची नाही, तिथं रानफुलं येऊ द्यायची. आणि पेटी आणायला तुम्ही जायचं. एकटे नाही, त्या हसऱ्या दुकानदाराला बरोबर घेऊन. दोघांनी हातांनी उचलायची."

आले दोघं. दुकानदार कसला हसतोय! दिवस मावळल्यावर दार लावून त्यांनी मला उचललं. गाडीपर्यंतच्या वाटेवर खड्डा होता. धाकट्याचा पाय मुरगळला, मी कलंडले आणि झाकण बोटभर सरकलं. मीच सरकवलं, असं वहिनी म्हणते. मी नाही म्हणत नाही.

अकरा जणी बाहेर पडल्या. डंख मारला की मधमाशी मरते, हे तुम्हाला माहीत असेल. त्या अकरा जणींचं मला वाईट वाटतं. बाकी कशाचं नाही.

दुकानदाराचा डोळा मिटला, धाकट्याचा ओठ वडीएवढा सुजला. पण मला कुणी खाली टाकलं नाही, हेही सांगायला हवं. घरी आल्यावर वहिनीनं दोघांचे काटे नखानं खरवडून काढले. धाकटा सुजल्या ओठानं म्हणाला, "वहिनी, तुकलं माझं." दादा हसले. वहिनी नाही हसली.

उरलेल्या फुलोऱ्याला माझ्या माश्या त्याच्या रानात गेल्या, पण निम्मं पीक तोवर हातचं गेलं होतं. यंदा त्यानं तीन एकरांत खरबूज मोडून घेवडा आणि कांदा लावलाय. पहिलं पिकलेलं खरबूज त्यानं वहिनीकडे पाठवलं. दादांनी चिरलं, खाल्लं, गोड आहे म्हणाले. वहिनीनं आपली फोड उचलली, बाहेर आली आणि शेळीपुढे टाकली.

आता मी लिंबोणीखाली उभी आहे. माझा एक पाय कुजलाय, दादांनी विटेचा टेकू दिलाय. संध्याकाळी बांधावरून हाक येते, "वहिनी, दार लावलं?" घरातून "हो" आल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. वहिनीनं त्याला माफ केलं का, मला ठाऊक नाही. मी केलेलं नाही.

तुमच्या बांधापलीकडेही माझ्यासारखी एखादी पेटी असेल, एखादं दीड एकराचं शेत असेल. नळी हातात घेण्याआधी एक हाक मारा. एवढंच माझं मागणं आहे. मागणं म्हणा, नाहीतर धमकी म्हणा.