काचेच्या खोलीतलं धुणं

आर्क्टिकमध्ये येऊन कुणी कपडे धुतं का? माझी आई धुते.

फिनलंडच्या पार उत्तरेला, उणे अठ्ठावीस तापमानात, काचेच्या घुमटाची एक खोली घेऊन आम्ही मायलेकी तीन दिवस उतरलो होतो. पलंगावर पडून आकाशातले ध्रुवीय प्रकाशाचे हिरवे झोत बघायचे, एवढ्यासाठीच ती खोली. बाकी तिथे करण्यासारखं काही नाही. जानेवारीत सूर्य उगवल्याचं नाटक करतो आणि दुपारी तीनला कामावरून सुटतो.

आई, म्हणजे सत्यशीलाबाई, अकोल्याच्या उन्हात वाढलेली. लग्नानंतर खडकीच्या फॅक्टरी क्वार्टर्समध्ये आली आणि बाबा गेल्यावर बिबवेवाडीत माझ्याकडे. गेल्या उन्हाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा झिजत चाललाय, उपाय नाही, नजर वर्षभर टिकेल, काय बघायचं ते बघून घ्या. मला वाटलं, आता ही बोधगया म्हणेल. हिने भिंतीवरच्या कॅलेंडरचा डिसेंबर उलगडून त्यातल्या हिरव्या आकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे." तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. नजर जाण्याआधी तिला हे दिसायलाच हवं होतं.

पहिले दोन दिवस ढग होते. आईची जीभ मात्र मोकळी होती. बर्फाचं मैदान दाखवलं तर म्हणाली, "रंग मारून झालाय, सामान लावायचं राहिलंय." रेनडिअर दाखवला तर, "गाय ती गायच. एवढ्या लांब कशाला आणलंस?" घसरू नये म्हणून चालताना माझा दंड घट्ट धरायची आणि वर मलाच टोमणे मारायची. दोनदा तरी मला वाटलं, हिला इथेच सोडून जावं.

तिसऱ्या दिवशी आभाळ निवळलं. रिसेप्शनवरच्या बाईने सांगितलं, आज संध्याकाळी सहाच्या आसपास नक्की, दिसायला लागलं की खोलीत घंटा वाजेल. तिथे कॉफीसाठी तासभर बसले होते, ती अर्धी टाकून मी खोलीकडे धावत सुटले.

दार उघडलं तर आत धुणं वाळत होतं. माझ्या ओढणीची दोरी दिव्यापासून पडद्याच्या दांडीपर्यंत बांधलेली, आणि तिच्यावर दोघींचे आतले गरम कपडे, मोजे, गाऊन, सगळं ठिबकत होतं.

"आई, हे काय केलंस?"

"धुणं. मळके कपडे कोण बॅगेत भरतं?"

"अगं, उद्या निघायचंय आपल्याला."

"म्हणूनच धुतले."

मग माझी नजर वर गेली. छपराचा घुमट आतून पांढरा झाला होता. भिंतीवर पाच बटणं होती आणि पाचही बंद होती. त्यातलं एक काच गरम ठेवायचं. कपड्यांचा दमटपणा थेट काचेवर जाऊन गोठला होता.

"ही बटणं कुणी बंद केली?"

"मी. उगाच आकाश तापवत बसली होतीस."

मी ओरडणार, तेवढ्यात घंटा वाजली.

बाहेर पळावं तर आईचे आतले गरम कपडे दोरीवर, आणि तिला वरचा जाडजूड पोशाख चढवायला पंधरा मिनिटं. तोवर ते आकाश थांबेलच असं नाही. मी पलंगावर चढले आणि पर्समधलं ऑफिसचं ओळखपत्र काढून काच खरवडायला लागले. कंपनीने इतक्या वर्षांत दिलेली ती एकमेव उपयोगाची वस्तू निघाली. ताटलीएवढं भोक पडलं. पलीकडे हिरवा झोत हलत होता.

"आई, चढ लवकर."

मी तिला कमरेला धरून उभी केली, तिचा चेहरा भोकापाशी नेला. ती बघत राहिली. मग मान वळवून शेजारच्या गोठलेल्या काचेकडे बघितलं. मग पुन्हा समोर.

"कुठे खरवडलंयस?"

"तुझ्या नाकासमोर."

"मला सगळीकडे सारखंच दिसतंय, अपेक्षा."

ओळखपत्र हातातच होतं.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. उजेड कळतो. माणूस आलं-गेलं कळतं."

"मग आलीस कशाला?"

"तू तुझ्या त्या साहेबाशी भांडून रजा घेतलीस. नको म्हटलं असतं तर घरात बसून रडली असतीस. तीन महिने ते कोण ऐकणार?"

मला तिचा इतका राग आला की रडूच फुटलं. तिच्या खांद्यावर डोकं टेकून मी रडले. तिने थोडा वेळ रडू दिलं आणि मग कोपराने ढोसलं.

"आता पुरे. ते पळून जाईल. काय दिसतंय ते सांग."

"हिरवं आहे."

"ते मला डॉक्टरही सांगेल. कसलं हिरवं?"

मी भोकाला डोळा लावला. तोवर मी ते तिला दाखवण्याच्या घाईत होते, स्वतः धड बघितलंच नव्हतं.

"पोपटी. खालच्या कडेला जरा गुलाबी. हलतंय, पण घाई नाही त्याला."

"कुठून कुठे?"

"तुझ्या डावीकडून. आता डोक्यावर आलं."

आईने मान वर केली आणि तिथेच धरून ठेवली. "पुढे बोल," ती म्हणाली. मी बोलत राहिले.