ढेकीवरची हाक

१९५३ सालच्या मार्गशीर्षात, सकाळी सात वाजता, कामठ्याच्या शाळेची पहिली घंटा होत असताना परसराम रहांगडाले ढेकीवरून पडला. त्याची बायको धनवंता चुलीपाशी होती. धान कांडणाऱ्या लाकडाचा एक ठोका अर्धाच पडल्यासारखा वाटला आणि मागोमाग अंग आदळल्याचा आवाज आला. ती पोचली तेव्हा तो उजव्या कुशीवर होता. डोळे उघडे. तोंड नव्याने वाकडं झालं की आधीइतकंच वाकडं होतं, हे तिला ठरवता येईना.

चैतात त्याच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ एकाच दुपारी गेली. निजवून ठेव, हलू देऊ नको, असं गावाने सांगितलं आणि तिने तेच केलं. महिनाभरात अशी गत झाली की दिवसभर धानाचे बांध तुडवणारा माणूस उशीवरून मान उचलताना धापा टाकू लागला.

मग तिने त्याला गोंदियाला नेलं. तिथला डॉक्टर लढाईच्या काळात फौजेत होता. छातीला नळी लावून तो म्हणाला, "बिस्तर इसको खा जाएगा, बाई. रोज मेहनत करवाओ. दम लगना चाहिए, मगर इतनाच के बात करते बने. बात बंद, तो काम बंद."

"पन बोलतेच कुठं जी ते?" धनवंता म्हणाली.

तोवर पुढचा रोगी आत आला होता.

अंगणात चालवून पाहिलं, तर तो दोन पावलांत कलंडायचा. राहिली ढेकी. वर धरायला आढ्याचा दोर, खाली दाबायला लाकडाची शेपूट. पाय दाबला की पुढचं मुसळ उठतं, सोडला की उखळात पडतं. पण ढेकी बायांची. कामठ्यात कोण्या गड्याने तिच्यावर पाय ठेवलेला नव्हता. धनवंताने दार लावून त्याला उभं केलं तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून रडला. तिने दोर त्याच्या डाव्या हातात दिला आणि उजवा पाय स्वतःच्या हातांनी लाकडावर दाबला.

पुढे एका सकाळी मुसळ पहिल्यांदा उंच उठलं आणि त्याच्या तोंडून लख्ख शब्द बाहेर पडले, "हाऽऽ रे बांड्या!"

बांड्या त्याचा बैल. बायकोचं नाव जिभेवर येत नव्हतं, पाणी मागता येत नव्हतं, पण नांगरामागे जन्मभर दिलेली हाक आली. धनवंताला डॉक्टरचं माप सापडलं होतं. हाक निघते आहे तोवर ढेकी चालू द्यायची; हाक तुटली की लाकूड धरून ठेवायचं.

शेजारचा कवडू कुडापलीकडून विचारायचा, "का वहिनी, घरातच नांगरून राहिले का भाऊ?"

"हो. तुह्या डोक्यात काही उगवते का, पाहून राहिले."

परसराम अर्ध्या तोंडाने हसायचा. दिवाळीला तो काठी टेकत विहिरीपर्यंत गेला.

परवा त्याची मोठी बहीण मुन्नीबाई आली. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेलं. आल्याबरोबर ढेकीचा आवाज आणि बैलाला दिलेली हाक ऐकून ती दारात उभी राहिली.

"बायाच्या लाकडावर चढवलं माह्या भावाले," ती म्हणाली. "आन् त्यो घरात बैल हाकून राहिला. बाप असता तं तोंड लपवलं असतं त्यानं."

परसरामने मान खाली घातली.

काल तो ढेकीवर आपणहून चढला, पण ओठ मिटून. "हाक द्या ना जी," धनवंता म्हणाली. त्याने बहिणीच्या खोलीकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. तेव्हाच लाकूड धरायला हवं होतं. पण तिला वाटलं, हे गप्प राहणं दमाचं नाही, लाजेचं आहे. कालचा दिवस निभावला. आज सकाळीही हाक नव्हती, आणि आज ती चुलीवरच्या भाताकडे बघत होती.

"हलवू नको त्याले," मुन्नीबाई आता म्हणत होती. "हलवून हलवूनच मारलं तू."

"निजवला होता ना महिनाभर. काय झालं होतं त्यानं?" धनवंता म्हणाली आणि कुडापलीकडून धावत आलेल्या कवडूकडे वळली. "कवडू भाऊ, बांड्याले जुंपा. गोंदियाले नेऊ."

एका बैलाच्या लहान गाडीत, खाचरात, भाताचं तणीस पसरून त्याला निजवलं. मुन्नीबाई कोणाला न विचारता चढली आणि भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसली. श्वास चालू होता, उथळ आणि भराभर. धनवंता वाटभर त्याच्या कानाशी वाकून होती. "हाक द्या जी. आता कोनी काही म्हनत नाई. एकदा द्या." तो वर बघत राहिला. आपण याला जगवलं की मारलं, हे ती स्वतःला विचारत होती, आणि उत्तर देऊ शकणारा एकच माणूस गप्प होता.

अर्ध्या वाटेवर मुन्नीबाई हळूच म्हणाली, "हाऽऽ रे बांड्या." मग थोडं मोठ्याने, "हाऽऽ रे बांड्या! म्हन ना रे बापू. माह्यासंगं म्हन."

कवडूने मागे वळून पाहिलं नाही. ओळखीची हाक बाईच्या आवाजात ऐकून बैलाने कान टवकारले आणि पाय उचलला.

गोंदियाच्या अलीकडे रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी चालली होती. खाचर थांबलं. तेवढ्यात परसरामचे ओठ हलले. दोघींनीही ते पाहिलं, दोघीही वाकल्या. हाक होती की नुसता श्वास, हे डब्यांच्या खडखडाटात कोणालाच ऐकू आलं नाही. डबे अजून जातच होते.