नावाड्याची बाजू

अमेरिकेतल्या डुलूथ शहरातल्या एका शाळेत अमेरिकन साहित्याच्या तासाला निबंध वर्गासमोर वाचायचा आणि मग सगळ्यांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं, अशी रीत होती. पुस्तकातल्या गोष्टीत एका नावाड्याला वादळात दूर दिवा दिसतो; दुसऱ्या कुणालाच दिसत नाही. तो एकटाच होडी लोटतो, आणि तिकडे कुणीच नसतं. "मूर्ख माणूस," असं शिकवणाऱ्या हाल्वर्सनबाई आधीच म्हणून गेल्या होत्या, त्यामुळे बाविसांपैकी एकवीस निबंधांत तो मूर्खच होता.

सिग्नीने मात्र लिहिलं होतं, की ज्याला दिवा दिसला त्याला जाणं भागच होतं. पहिलं पान वाचून ती थांबली.

"अगं, पण तिथे कुणी नव्हतंच ना!" मागच्या बाकावरचा कोल ओरडला. "फुकट भिजला बिचारा!"

"ते गेल्यावर कळलं, शहाण्या! काठावर बसून कसं कळणार होतं?"

आपण आता नापास, हे सिग्नी धरूनच चालली.

बाईंनी चष्मा काढला. "वीस वर्षं ही गोष्ट शिकवतेय. माझ्याशी कुणी भांडलंच नाही गं! बस... नको, उभीच राहा. पुढे वाच."

सिग्नीचा जीव असा भांड्यात पडला, की पुढचं पान तिने जवळजवळ ओरडतच वाचलं.