विधवा कामगार, बुटीबोरी

दीप्तीने रुपरावांचं मनगट धरलं आणि त्यांचा हात फोटोवरून उचलून बाजूला ठेवला. तिच्या हातांत पांढरे सुती मोजे होते, त्यांचा हात उघडा. घामाचा एक ठसा उमटला तरी पुढे वर्षानुवर्षं तिथे डाग वाढत जातो, हे तिने समजावून सांगितलं. रुपरावांनी ऐकून घेतलं, पण हात पुन्हा टेबलाच्या कडेवर ठेवलाच, बोटभर अंतर राखून.

"हात नाही लावत," ते म्हणाले. "पन ते अक्षर दाखवा मले."

फोटोच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवर बारीक पेन्सिलीने लिहिलं होतं, 'विधवा कामगार, बुटीबोरी'. शेजारी छायाचित्रकार हेमंत कारखानीस यांची सही होती. वर फोटोत सूतगिरणीतल्या यंत्रांच्या रांगेत एक तरुण बाई उभी होती. केसांत कापूस, गळा मोकळा, हात मोकळे, आणि नजर थेट समोर. तीच बाई आता पंचवीसेक वर्षांनी दीप्तीच्या सोफ्याच्या टोकावर अंग चोरून बसली होती. प्रयागबाईंच्या गळ्यात काळी पोत होती, हातात हिरव्या बांगड्या होत्या, आणि नवरा चांगला धडधाकट समोर उभा होता.

दीप्तीची धंतोलीत रक्ततपासणीची लॅब होती. चार पैसे आले की लोक प्लॉट घेतात, सोनं घेतात, ही बाई फोटो घ्यायची. तेही डोंगरदऱ्यांचे, सूर्यास्ताचे नाहीत, तर खाणीतल्या, गिरणीतल्या, वीटभट्टीवरच्या माणसांचे. नामवंत छायाचित्रकारांनी स्वतः छापून, सही करून दिलेल्या मोजक्या प्रती ती शोधून शोधून आणायची. आपल्या घरी पाहुण्यांपेक्षा भिंतीवरची माणसंच जास्त दमलेली दिसतात, असं नवरा प्रशिक चिडवायचा. चिडवू दे बापडा. तिच्या आजीने जन्मभर विड्या वळल्या आणि त्या आजीचा एक फोटो घरात नव्हता. राबणाऱ्या बाईचा चेहरा कुठेतरी राहिला पाहिजे, असं तिला मनापासून वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सिव्हिल लाइन्समध्ये तिच्या संग्रहाचं पहिलंवहिलं प्रदर्शन उघडणार होतं. पेपरात मुलाखत आली, सोबत नेमका हाच फोटो आला, खालच्या अक्षरासकट. या बाईचा उघडा गळा सगळी कहाणी सांगतो, असं दीप्ती मुलाखतीत मोठ्या कौतुकाने बोलून गेली होती. मग लॅबमध्ये फोन आला. "फोटोतल्या बाईचा मालक बोलून राहिलो," पलीकडचा माणूस म्हणाला. विधवेचा मालक कसा काय बोलतोय, हे तिच्या ध्यानात यायला जरा वेळच लागला.

घरी येऊन फोटो बघा, असं तिनेच सुचवलं होतं. आपलं गोड बोलणं आणि चहा यावर निभावून जाईल, असा तिचा अंदाज होता. तो साफ चुकला. रुपराव आल्यापासून बसलेच नव्हते. पेपर त्यांना पुतण्याने, पिंटूने, आणून दाखवला होता आणि तेव्हापासून वस्तीत त्यांना तोंड काढायची सोय उरली नव्हती. किराणावाल्याने विचारलं होतं, रुपरावभाऊ, आमचं तेरवीचं जेवण कधी? मुलीच्या, कामिनीच्या सासरहूनही फोन आला होता आणि तिकडचे लोक मात्र हसले नव्हते.

हा फोटो प्रदर्शनात लावतच नाही, असं दीप्तीने कबूल केलं. त्याने त्यांचं समाधान झालं नाही. पेपर घरोघरी गेलाच होता. त्यांना तो शब्द पुसून हवा होता, आणि पुसल्यावर मोबाइलमध्ये फोटो काढून तो वस्तीत एकेकाला दाखवायचा होता. तिने परोपरीने सांगितलं की हे अक्षर कारखानीसांच्या हातचं आहे, ते आता हयात नाहीत, त्यांचं लिहिलेलं खोडलं तर या प्रतीत काही राम उरणार नाही. शिवाय याच फोटोच्या आणखी प्रती मुंबईला आहेत, दिल्लीला आहेत, एक परदेशात आहे, आणि सगळ्यांखाली हेच लिहिलेलं आहे.

"मंग तिथंबी मी मेलेलाच हाव का?" रुपरावांनी विचारलं.

रुपरावांनी शर्टाच्या खिशातून एक खोडरबर काढलं आणि टेबलावर ठेवलं. कोरं करकरीत होतं, वरचा कागदही निघाला नव्हता. कशानं लिहिलंय, हे त्यांनी फोनवर आधीच विचारून घेतलं होतं.

दीप्ती चिडली. माझ्या घरात येऊन मलाच रबर दाखवतो हा माणूस, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण रुपरावांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला.

"मशीनीत पोत अडकली का मान जाते, म्याडम. गेटवरच काढून रुमालात बांधा लागे. बांगड्याबी. समद्याच बाया काढत. त्या फोटोवाल्यानं उघडा गळा पाह्यला अन् मारून टाकलं मले. इचारा तं लागते ना एकडाव, का बाई, तुहा नवरा हाय का नाही?"

दीप्तीचा राग तिथल्या तिथे विरला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. लॅबमध्ये रिपोर्टवर सही करण्याआधी ती दहादा खात्री करायची, आणि इथे एका मोकळ्या गळ्यावरून तिने एका बाईचं अख्खं आयुष्य ठरवून टाकलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो गळा दाखवून तेच सांगितलं होतं. कारखानीसांची सही काय, संग्रह काय, एका जिवंत माणसापुढे ते सगळं तिला फुकाचं वाटायला लागलं. इतक्या हौसेने मिळवलेली वस्तू आपल्याच हाताने बिघडवायची होती, पण तिने मन घट्ट केलं.

"खोडते मी," ती म्हणाली.

तेव्हा कुठे रुपराव खुर्चीवर टेकले. निवून गेलेला चहा त्यांनी एका दमात पिऊन टाकला आणि डोळ्यांवरून पालथा हात फिरवला. आपण काही भांडखोर माणूस नाही, असं ते पुन्हा पुन्हा सांगू लागले. खाली ऑटोवाला मघापासून हॉर्न वाजवत होता. त्याला थांबायला सांगून येतो म्हणून ते उठले आणि लिफ्टने खाली गेले.

लिफ्टचा आवाज खाली पोचेपर्यंत प्रयागबाई हलल्या नाहीत. मग उठून टेबलाशी आल्या. इतका वेळ त्यांनी फोटोकडे धड पाहिलंही नव्हतं. आता पाहिलं, हात मागे बांधून, डोळे भरून.

"ताई, खोडू नका," त्या म्हणाल्या. "त्या फोटोवाल्याले मीच सांगतलं होतं."

दीप्तीला काही उमजेना. प्रयागबाई दाराकडे कान ठेवून भराभर बोलत गेल्या. रुपराव तेव्हा सुरतेला गेले होते, कामाला म्हणून. पैसे येईनात, निरोप येईना. मग गावच्याच एकाकडून कळलं की तिथे त्यांनी दुसरं घर केलंय. पदरात कामिनी, एवढीशी. बुटीबोरीच्या गिरणीत लागायच्या आदल्या दिवशी प्रयागबाईंनी पोत आपल्याच हाताने काढली आणि कोणी विचारलं की नवरा वारला म्हणून सांगायला लागल्या. फोटोवाला आला तो त्याच दिवसांत.

"टाकलेली म्हटलं का जो तो दार वाजवते. विधवा म्हटलं का मान खाली घालून बाजूनं जाते."

रुपराव परतले ते काही वर्षांनी, कावीळ घेऊन, हाडांचा सापळा होऊन. प्रयागबाईंनी त्यांना घरात घेतलं, पोत पुन्हा घातली, आणि तेव्हापासून रोज गेटवर काढायला लागल्या. नवऱ्याने पाहिलं ते तेवढंच. पहिल्यापासून तसंच होतं, असं त्यांना वाटत आलं आणि प्रयागबाईंनी ते वाटू दिलं. दारू नाही, शिवी नाही, आता माणूस चांगला आहे, असं त्या म्हणाल्या. यातलं अक्षरही त्यांच्या कानावर जाता कामा नये.

मग खोडू द्या ना, दीप्ती म्हणाली. तेही सुटतील, तुम्हीही सुटाल.

प्रयागबाईंनी मान हलवली. "रेशन कार्डावर, मतदार यादीत, समदं याईनं सांगतलं तसं लिवल्या गेलं. जलमात हे येकच कोनं मी सांगतलं तसं लिवलं हाय."

लिफ्ट वर येत होती. प्रयागबाई सोफ्याच्या त्याच टोकावर जाऊन बसल्या आणि पदर नीट केला. रुपराव आत आले ते मोबाइल हातात धरूनच. ऑटोवाला थांबतो म्हणाला, हे त्यांनी खुशीत सांगितलं आणि टेबलाजवळ येऊन कॅमेरा उघडला. दीप्तीने फोटोवर पातळ कागद पसरला आणि खोडरबर त्यांच्याकडे सरकवलं.

"मी नाही खोडणार," ती म्हणाली.

त्यांना वाटलं, चेष्टा आहे. ते हसलेही. मग तिचा चेहरा पाहून त्यांनी मोबाइल खाली केला. आत्ताच तर हो म्हणाला होतात, मग आता काहून नाही, असं त्यांनी विचारलं. सांगण्यासारखं कारण एकच होतं आणि ते सोफ्यावर खाली मान घालून बसलं होतं.

"किंमत जाईल याची," दीप्ती म्हणाली. "महागाची वस्तू आहे. तुमच्यापायी मी माझं नुकसान का करून घेऊ?"

आपल्याच तोंडून हे ऐकताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. असं बोलणाऱ्या माणसांचा तिला जन्मभर तिटकारा होता. तिच्या बापाशी, आजीशी लोक याच सुरात बोलत आले होते. रुपरावांच्या कपाळाची शीर ताठ झाली. ते ओरडतील, कागद फाडतील, या धास्तीने तिने दोन्ही हात फोटोवर धरले, पण नजर खाली केली नाही.

"पैशापायी जित्या मानसाले मेलेलं ठेवता तुमी," रुपराव म्हणाले.

"ठेवते," ती म्हणाली. "या आता. मला उद्याची तयारी करायची आहे."

प्रयागबाई उठल्या, दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या आणि नवऱ्याला हाक मारली.

"चला. मोठ्या लोकाईले आपलं काय समजते," त्या म्हणाल्या, दीप्तीकडे न बघता, चांगल्या मोठ्या आवाजात. मग लिफ्टची वाट न बघता त्या पुढे होऊन जिना उतरू लागल्या आणि रुपराव निमूट त्यांच्या मागे गेले.