आधी बैल

“बैल उन्हात उभे अन् तुझी मशीन ट्रॅक्टरला आत सोडायली. कामून?” बिराप्पानं विचारलं.

श्रीदेवीनं लॅपटॉप त्याच्याकडं वळवला. ऊस तोडून दोन दिवस झाले असतील तर गाडी आत, ही अट तिनं पहिली लिहिली होती. बैलगाडीची दुसरी.

“वर जे इचारशील तेच पहिलं खरं व्हतंय, पोरी. खालचं इचारायचं ऱ्हातंय. आधी बैल.”

सी प्रोग्रॅमिंगच्या सरांनी हीच गोष्ट दोन तास फळ्यावर शिकवली होती. बापानं ती विडी विझायच्या आत सांगितली.

भालकीकडच्या त्या साखर कारखान्याच्या फाटकावर बिराप्पाचा हा सव्विसावा हंगाम. कोणती गाडी आधी वजनकाट्यावर न्यायची, हे तो ठरवी. त्यापायी त्यानं जेवढ्या शिव्या खाल्ल्या, तेवढ्या बाजारातल्या आडत्यानंही खाल्ल्या नसतील. पण त्यानं चुकीची गाडी सोडली, असं कुणी छातीवर हात ठेवून म्हणालं नव्हतं. आता साहेबांनी त्याचं डोकं प्रोग्रॅममध्ये उतरवायचं काम त्याच्याच लेकीला दिलं होतं. डिप्लोमाचा प्रोजेक्ट तिचा, फायदा कारखान्याचा. परवा बिराप्पानं सोडलेल्या चाळीस गाड्या प्रोग्रॅमनंही तशाच सोडल्या, की सोमवारपासून फाटकावर स्क्रीन लागणार आणि बिराप्पाची खुर्ची उठणार. हे बापलेक दोघांनाही ठाऊक होतं.

श्रीदेवीनं अटींचा क्रम बदलला. बैलगाडी असेल तर आत. नाहीतर ऊस शिळा असेल तर आत. नाहीतर नंबर आला असेल तर आत. यातलं काहीच नसेल तर ‘थांबा’. एकोणचाळीस गाड्या जुळल्या. काशप्पाच्या ट्रॅक्टरला मशीन ‘थांबा’ म्हणत होती. बिराप्पानं तो अकरा गाड्या ओलांडून आत घेतला होता.

“उसावर त्याची बायको बसलेली. दिवस भरलेले.”

“मग बाई असली तर आधी, असं घालू?”

“तोडीवाल्या बायका रोजच बसत्यात. त्या दिशी तिचं तोंड बघितलं मी.”

“तोंड कोणत्या अटीत घालू, अप्पा?”

श्रीदेवीनं लॅपटॉप हळूच मिटला. “ऱ्हाऊ द्या. एक चुकायलंय तवर तुमची खुर्ची हाय.”

“चुकलेलं काम तुझ्या नावावर कशाला? उघड.”

तिनं उघडला. ‘थांबा’च्या जागी ‘बिराप्पाला विचारा’ लिहू का, असं विचारलं.

“मी काय जलमभर हितंच बसणार हाय व्हय?” तो गाड्यांच्या रांगेकडं वळला. मग म्हणाला, “लिही, ‘खाली उतरून बघा.’”

साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली आणि सही केली.

सोमवारी बिराप्पाला साखरेच्या गोदामात धाडलं. जेवणाच्या सुट्टीत तो डबा न उघडताच ऊसगाड्या थांबायच्या केनयार्डाच्या कुंपणापाशी येऊन उभा राहिला. फाटकावर एक ट्रॅक्टर लागला होता. स्क्रीनवर बिराप्पाची ओळ उमटली, ‘खाली उतरून बघा.’ काचेच्या केबिनमधला नवा ऑपरेटर ती वाचत बसला. मागच्यांचे हॉर्न वाजू लागले, तसा तो नाइलाजानं उतरला. त्यानं नंबरप्लेट बघितली. मग चाकं बघितली.

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. ऑपरेटरनं मान वर करून उसावर बसलेल्या माणसांकडं बघितलं, तेव्हा कुठं बिराप्पा गोदामाकडं वळला.