आळ्यातली रंगपंचमी

आमच्या ह्यांना शेतीची हौस तोफखान्यात असल्यापासून. निवृत्तीनंतर माणसाला स्वस्थ बसवत नाही हे मला कळतं, पण बसवत नाही म्हणून कुणी झाशीजवळ, बरुआसागरला, तीन बिघे जमीन विकत घेतं? बबिन्याच्या छावणीतली नोकरी संपली की ट्रंका भरायच्या, साताऱ्याला जायचं आणि माझ्या भावाच्या शेजारी घर करायचं, असं मी दहा वर्षं मनाशी ठरवलेलं. ह्यांनी मला शेतात नेलं आणि म्हणाले, "भानू, इथली माती तर बघ." बघितली. मातीसारखी माती होती.

पहिल्या वर्षीचं पीक नीलगायींनी खाल्लं, दुसऱ्या वर्षीचं गारांनी झोडपलं. तिसरं वर्ष उजाडलं अठ्ठ्याऐंशी साली, आणि ते तर सुरुवातीपासूनच कोरडं. पावसाळा नावाला झालेला, थंडीत एक सर नाही. हे रोज सकाळी शेतात उकिडवे बसून मूठभर मातीचा लाडू वळायचे. लाडू कमरेइतक्या उंचीवरून टाकला आणि फुटला नाही, तर पेरण्याजोगी ओल आहे असं समजायचं. आमचा लाडू टाकण्यापर्यंत गोष्ट जायचीच नाही, तो वळतानाच बोटांमधून गळायचा. मग हे हात झटकून म्हणायचे, "उद्या बघू." उद्या माती काय आपण होऊन न्हाऊन येणार होती?

शेवटी मी अट घातली. "मृग लागायच्या आत या जमिनीतली एक काकडी माझ्या ताटात पडली पाहिजे. पडली, तर मी जन्मभर इथे राहीन आणि साताऱ्याचं नावही काढणार नाही. नाही पडली, तर बिऱ्हाड हलवायचं."

"ठरलं," हे म्हणाले. सुभेदार लक्ष्मणराव एकदा ठरलं म्हणाले की ठरतं. मी मनातल्या मनात साताऱ्याच्या घराला पडदेही लावून टाकले.

तलावाच्या कालव्याला त्या साली पाणी बेताचंच सुटणार होतं. प्रत्येक शेताला पेरणीपूर्वी एकच पाळी. शेजारचे कामता कुशवाह बांधावर येऊन सांगून गेले, "सूबेदार साब, तुमाई पारी फागुन बदी पाँचें खों." कामता भैयांचा जन्म भाजीत गेलेला, त्यामुळे त्यांचा शब्द प्रमाण. पण ह्यांना तिथीतलं ओ की ठो कळत नाही, तोफा तारखेवर चालतात. ह्यांनी मला विचारलं. मी भावाने पाठवलेलं पंचांग काढलं, बोट फिरवलं आणि ठणकावून सांगितलं, "फाल्गुन वद्य पंचमी. म्हणजे रंगपंचमी. चांगला सव्वा महिना आहे अजून."

महिनाभर ह्यांनी जीव तोडून काम केलं. काकडी, दोडका, भोपळा यांच्यासाठी एकशेवीस आळी खणली, सुतात, संचलनाला उभी केल्यासारखी. प्रत्येकात शेणखत घातलं. होळी झाली, आणि रंगपंचमीला चार दिवस राहिले असताना आम्ही दोघं कालव्याचा पाट साफ करायला फावडी घेऊन गेलो. पाट कोरडा. वर कालव्यातही वाळलेली पानं.

कामता भैया बैलाला पेंढा घालत होते. आमच्या खांद्यावरची फावडी पाहून म्हणाले, "काए साब, पानी तौ महीना भर पहलें कड़ गओ. हमने समझी तुमें चानेंई नइयाँ."

पाणी महिन्यापूर्वीच येऊन गेलं होतं, आणि आम्हाला ते नकोच आहे असं कामता भैया समजले होते. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि तो पडू नये असं वाटलं. आपला महिना अमावास्येला संपतो, इथला पौर्णिमेला. त्यामुळे फाल्गुनाचा वद्य पंधरवडा इथे शुद्धाच्या आधी येतो, आपल्याकडे मागून. इतकी वर्षं या मुलखात राहून मी हे विसरले, कारण पंचांग साताऱ्याचं आणि डोकंही साताऱ्यातच.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कामता भैयांना म्हणाले, "गलती मेरी है भैया. तारीख मैंने ही ठीक से नहीं देखी."

रागावले असते तर बरं झालं असतं. माझ्याकडे उत्तरांचा साठा कायम तयार असतो. पण घरी येऊन ह्यांनी माळ्यावरची मोठी काळी ट्रंक उतरवली, फडक्याने पुसली आणि घरातल्या बोळात ठेवली. "सातारा तर सातारा," म्हणाले आणि हात धुवायला गेले.

मी जिंकले होते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिंकायचं होतं, पण गारांनी जिंकून द्यावं, नीलगायींनी द्यावं. माझ्याच चुकीने जिंकलेलं घर घेऊन मी भावाला काय तोंड दाखवणार होते? त्या ट्रंकेला अडखळत मी दोनदा पडता पडता वाचले, आणि दुसऱ्यांदा मला सुचलं.

हातपंपाने काम होण्यासारखं नव्हतं. एक आळं खोलवर भिजवायला दोन-तीन बादल्या लागतात, आणि आमचा पंप दहाव्या बादलीला खोकायला लागायचा. कामता भैयांचं म्हणणं असं, की एकदा ओल खालपर्यंत पोचली, तर पुढे वेलाला रोज तांब्याभर पाणी पुरतं. अडलं होतं ते पहिल्या न्हाणावर.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी झाशी गाठली, इलाइट चौराह्यावर उतरले आणि रिक्षाने आबासाहेबांकडे गेले. आबासाहेब म्हणजे झाशीच्या जुन्या मराठी मंडळींचे पुढारी. त्यांचे पूर्वज दोनशे वर्षांपूर्वी कारकुनी करायला आले आणि रुबाब मात्र सरदारांचा ठेवून गेले. दर रंगपंचमीला त्यांच्या चौकात टँकर येतो आणि सगळी मराठी घरं तिथे भिजतात. त्या साली शहरात नळाला दिवसाआड पाणी, त्यामुळे टँकर ठरलेला असूनही आबासाहेब पेचात पडले होते.

"भानुमतीबाई, मोहल्ल्यातले लोग क्या कहेंगे? आम्ही अंगावर पाणी ओतणार आणि ते रिकाम्या घागरी घेऊन बघणार. नाही खेळावं, तर दोनशे वर्षांचा रिवाज मोडतो."

"पाणी वाया जातं म्हणूनच ना नावं ठेवतात?" मी म्हटलं. "मग वाया जाणार नाही अशा ठिकाणी खेळा. आमच्या शेतात या."

"शेतात कुठे?"

"खड्ड्यात," मी म्हटलं, आणि सगळं समजावून सांगितलं. माझी चूकही सांगितली. आबासाहेब आधी पोट धरून हसले, मग म्हणाले, "आम्ही येऊ. पण मी स्वतः खड्ड्यात उभा राहणार नाही."

पंचमीला बरुआसागरच्या रस्त्यावर टँकर, त्याच्यामागे झाशीची बस आणि बबिन्याहून ह्यांच्या जुन्या पलटणीतली बिऱ्हाडं. कामता भैयांच्या घरच्या बायकांनी आणि मी मिळून पळसाची फुलं उकळून केशरी रंग केला होता. दुसरा रंग आणाल तर परत पाठवीन, मातीला चालत नाही, असं मी आधीच बजावलेलं.

आणि मग आमच्या सुभेदारांमध्ये बावीस वर्षांची नोकरी संचारली. "एका आळ्यात एक माणूस! हुकूम होईपर्यंत कुणी आपलं आळं सोडायचं नाही!" जवळजवळ सगळ्या आळ्यांत माणसं ओळीत उभी, बाकीची बादल्या घेऊन त्यांच्या मागे. ज्यांनी अंगावर रंग घ्यायचा त्यांनी हलायचं नाही, ज्यांनी ओतायचा त्यांनी डोक्यावरूनच ओतायचा, म्हणजे सगळा ओघ पायाशी उतरेल. बेत ठाऊक नसलेल्या एक वहिनी रेशमी पातळात आल्या होत्या, त्यांना ह्यांनी भोपळ्याच्या आळ्यातून हलवून कडेला दोडक्यापाशी नेलं. रेशमावरून पाणी उडतं म्हणे. लठ्ठ मंडळींना खाली वाकून बसायला सांगितलं, ते मात्र मला पटलं नाही.

सगळ्यात शेवटी हुकूम झाला, "कपडे आळ्यातच पिळा!" पदर, शर्टांची टोकं, ओढण्या, सगळं पिळून निघालं. आबासाहेब बांधावर कोरडे उभे होते. त्यांची नात पायरीवर चढावं तशी त्यांच्या पाठीवर चढली आणि तांब्या रिता केला. एकदा भिजल्यावर त्यांनी आपण होऊन आळं मागितलं, आणि त्यांचं नऊवारी लांबीचं धोतर दोघा हवालदारांनी दोन टोकांना धरून पिळलं, तेव्हा दोन काकड्यांची सोय झाली.

कामता भैया दिवसभर बांधावर बसून हसत होते. तिसऱ्या दिवशी तेच आळ्यात हात घालून बसले, मातीचा लाडू वळला आणि खांद्याच्या उंचीवरून टाकला. लाडू पडला, लोळला आणि अखंड राहिला. "बो दो, सूबेदारनी जू," म्हणाले. बी माझ्याच हाताने टोचलं. मग आम्ही आळ्यांवर भुसा पसरला आणि रोज संध्याकाळी तांब्या घेऊन एकशेवीस ठिकाणी वाकत गेलो. अर्धे वेल तरी उन्हाने खाल्ले. बाकीचे जिद्दीने पसरले.

वैशाखात हे दोन्ही तळहातांवर एक काकडी घेऊन स्वयंपाकघरात आले. मी तिचं टोक कापून घासलं, आणि इतका फेस आला की मी काय ते समजले. तहानेत वाढलेली काकडी कडू होते. तरी मी चकत्या केल्या, ताटात घेतल्या, मीठ लावलं आणि खायला लागले. हे चौकटीत उभे.

"कशी आहे?"

"गोड आहे," मी म्हटलं आणि दुसरी चकती उचलली.

ह्यांनी वाकून एक तोंडात टाकली. मिशी जागच्या जागी थांबली. "भानू, अगं ही कडूजहर आहे."

"असेल. अट ताटात पडायची होती, गोड लागायची नव्हती," मी म्हटलं. "आणि ती बोळातली ट्रंक आधी माळ्यावर टाका. दोन महिने झाले, येताजाता माझ्या पायाला लागते आहे."